१४ मिलिमीटरचे अस्तर: पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाचे एक प्रकरण

हे प्रकरण लालबागमध्ये राहणाऱ्या ६१ वर्षांच्या एका गृहिणीचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. गर्भाशयाच्या अस्तराची जाडी १४ मिमी असल्याचा शेरा असलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि त्या रिपोर्टवरून ठरलेली गर्भपिशवी काढण्याची तारीख, या दोन गोष्टी हाताशी धरून त्या सुनेसोबत आमच्या परळच्या सोनोग्राफी केंद्रात आल्या. शेवटी त्यांची पिशवी काढावी लागलीच. मात्र ज्या आकड्यावरून ती काढायचे ठरले होते तो आकडा चुकीचा होता, आणि जो खरा आजार होता त्याचा त्या रिपोर्टमध्ये उल्लेखही नव्हता. सोनोग्राफीने अस्तराची जाडी मोजणे हे वरवर अगदी सोपे काम वाटते. त्यात नेमके कुठे आणि कसे घसरायला होते, हे या एका प्रकरणात जवळजवळ सगळे पाहायला मिळाले.

त्यांची पाळी ५४व्या वर्षी गेली होती. त्यानंतर सहा-सात वर्षे काहीच तक्रार नव्हती. पहिल्यांदा डाग पडला तो मे महिन्याच्या उकाड्यात. उष्णता झाली असेल, असे म्हणून त्यांनी आठवडाभर सब्जाचे पाणी आणि गुलकंद घेतला, आणि डाग आपोआप थांबल्यामुळे ते औषध लागू पडले, अशी त्यांची खात्री झाली. दुसऱ्यांदा गौरी-गणपतीच्या दिवसांत थोडे अंगावरून गेले. ते कामाच्या दगदगीच्या खात्यात जमा झाले. तिसऱ्या वेळी मात्र घटस्थापनेची सकाळ होती. देवघराची सारी तयारी स्वतः करणाऱ्या सासूबाई त्या दिवशी स्वयंपाकघरातच बसून राहिल्या आणि घट तूच बसव, म्हणाल्या, तेव्हा सुनेने खोदून विचारले आणि गोष्ट बाहेर आली. रुग्णाला तारखा आठवत नाहीत ही आम्हा डॉक्टरांची नेहमीची तक्रार असते. इथे तिसरी तारीख पंचांगातून काढता येण्याइतकी नेमकी होती. पाळी परत आली, असे त्या धरून चालल्या होत्या आणि म्हणूनच त्यांनी ती पाळलीही होती.

शेवटच्या पाळीनंतर पूर्ण १२ महिने उलटले की त्यापुढचा कोणताही रक्तस्राव, मग तो एखादा गुलाबी डाग का असेना, पाळी म्हणून धरायचा नसतो. अशा रक्तस्रावाची बहुतेक कारणे साधी असतात. अस्तर आणि योनीमार्ग कोरडा व पातळ झाल्यामुळे रक्त येणे हे त्यांतले सर्वांत नेहमीचे कारण, आणि त्याखालोखाल पॉलिप, म्हणजे अस्तरातून पोकळीत वाढणारा मऊ कोंब. पण अशा स्त्रियांपैकी साधारण दहात एकीला अस्तराचा कर्करोग निघतो, आणि उलट बाजूने पाहिले तर अस्तराचा कर्करोग झालेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांमध्ये तो रक्तस्रावानेच पुढे येतो. शरीर इतकी लवकर आणि इतकी स्पष्ट सूचना देते असे कर्करोग फार थोडे आहेत.

या बाईंच्या बाबतीत धोक्याची बाजू जडच होती. मधुमेह अकरा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू, वजन ७८ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३४च्या जवळ, स्थूलपणात मोडणारा. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवायचे जवळपास थांबवतात, पण चरबीच्या पेशींतले ॲरोमॅटेज हे विकर अधिवृक्क ग्रंथींकडून येणाऱ्या पुरुषी संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करत राहते. या इस्ट्रोजेनला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन मात्र आता तयार होत नसते. त्यामुळे अस्तराला वाढीचा निरोप मिळत राहतो आणि थांबण्याचा कधीच मिळत नाही. त्यात पाळी उशिरा गेलेली. स्तनाच्या कर्करोगासाठी दिले जाणारे टॅमोक्सिफेन किंवा कोणतीही हार्मोनची गोळी त्यांनी घेतलेली नव्हती. हा प्रश्न मी प्रत्येक वेळी मुद्दाम विचारते, कारण टॅमोक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीच्या अस्तराचे चित्र निराळेच असते आणि त्याला नेहमीचे निकष लावता येत नाहीत.

पहिला रिपोर्ट

घराजवळच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर फक्त 'सोनोग्राफी, पोट व ओटीपोट' एवढेच होते. वय होते, पण पाळी कधी गेली ते नव्हते आणि रक्तस्रावाचा उल्लेख नव्हता. सोनोग्राफी करणाऱ्याच्या दृष्टीने ती नेहमीची, पाणी पिऊन लघवी रोखून करायची पोटावरची तपासणी होती. रिपोर्टमध्ये यकृतावर चरबी, पित्ताशय ठीक, डाव्या मूत्रपिंडात लहानशी गाठ, आणि मग गर्भाशयाच्या ओळीत 'एंडोमेट्रियम १४ मिमी, जाड' असे छापले होते. खाली नेहमीप्रमाणे क्लिनिकल कोरिलेशनची, म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहण्याची, सूचना. हे वाक्य आम्ही रेडिओलॉजिस्ट इतक्या सवयीने टाकतो की वाचणारा त्यावर थांबतच नाही.

रिपोर्ट पाहिल्यावर ज्या शल्यचिकित्सकांकडे त्यांना पाठवण्यात आले त्यांनी सरळ सांगितले: वय झाले आहे, पिशवीचा आता उपयोग नाही, अस्तर जाड आहे, उद्या कर्करोग व्हायचा, तेव्हा काढून टाकू. मुलाच्या कंपनीच्या विम्यात खर्च बसत होता, पूर्वमंजुरीचा अर्जही गेला होता. पुढे ढकलायला निमित्त झाले ते वाढलेल्या साखरेचे. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी साखर आटोक्यात आणा, म्हणून परत पाठवले, आणि त्या मधल्या काळात सुनेच्या ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून त्यांना आमच्याकडे आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफीसाठी धाडले. या वेळच्या चिठ्ठीत मजकूर होता: पाळी गेल्याला सात वर्षे, तीनदा रक्तस्राव, गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहून ठीक, पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची) पाठवली आहे. गर्भाशयमुख पाहिल्याचे लिहिले होते, हे महत्त्वाचे. आपल्याकडे अस्तरापेक्षा गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक आढळतो आणि तो सोनोग्राफीत सहज निसटतो. अस्तर पातळ दिसले म्हणून स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून मुख पाहायचे उपकरण) न लावता रुग्णाला घरी पाठवणे हा घातक आळस आहे.

आतून केलेली तपासणी

"या वयात आतून कशाला हो डॉक्टर? तिकडे पोटावरून केलीय की," असे म्हणून काकू टेबलावर उठून बसल्या. त्यांचा संकोच समजण्यासारखा होता. बोटभर जाडीचा प्रोब असतो, त्यावर नवे आवरण आणि जेल असते, लघवी रोखून धरावी लागत नाही, उलट ती करून यायची असते, दुखले तर तिथेच थांबू, हे सगळे सांगितले. परिचारिका शेजारी उभी राहिली आणि सूनबाई पडद्यापलीकडे. पाळी गेलेल्या स्त्रीचा योनीमार्ग कोरडा आणि अरुंद असतो, त्यामुळे घाई केली तर तपासणी खरोखर दुखते. जिचा कधी शरीरसंबंध आलेला नाही अशा स्त्रीमध्ये ही तपासणी करत नाहीत. तिथे पोटावरून किंवा गुदमार्गातून पाहण्याचा पर्याय असतो.

पोटावरून ३ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापराव्या लागतात, कारण त्यांना पोटाची चरबी आणि मूत्राशय ओलांडून खोलवर पोचायचे असते. आतला प्रोब गर्भाशयाला जवळजवळ टेकलेला असल्यामुळे ५ ते ९ मेगाहर्ट्झच्या लहरी चालतात, आणि कंपनसंख्या जितकी जास्त तितका बारकावा अधिक दिसतो. दोन-चार मिलिमीटरच्या फरकावर निर्णय ठरायचा असेल तर हा बारकावा अपरिहार्य आहे. काकूंच्या पोटावर चरबीचा जाड थर होता. तिकडच्या यंत्रावर त्यांचे अस्तर एक धूसर पांढुरका पट्टा म्हणून दिसले असणार.

आमच्या पडद्यावर गर्भाशय लांबीच्या छेदात आले तेव्हा पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती म्हणजे पोकळीत साठलेले पाणी. पाळी गेल्यानंतर गर्भाशयमुखाची वाट आकसते, आणि अस्तरातून झिरपणारा थोडासा द्रव आत अडकून राहतो. तो काळा दिसतो, आणि त्याच्या वर-खाली अस्तराचे दोन थर दोन बारीक पांढऱ्या रेघांसारखे वेगळे झालेले असतात. अस्तराची जाडी मोजताना लांबीच्या मध्यछेदात, सर्वांत जाड जागी, एका बाजूच्या स्नायूच्या सीमेपासून दुसऱ्या बाजूच्या सीमेपर्यंत माप घ्यायचे असते; दोन्ही थर मिळून ती जाडी होते. पण मध्ये पाणी असेल तर ते मोजायचे नसते. दोन्ही थर वेगवेगळे मोजून त्यांची बेरीज लिहायची. तसेच अस्तराच्या बाहेर स्नायूच्या आतल्या थराचे एक गडद कडे दिसते, तेही मापात धरायचे नाही.

काकूंच्या पोकळीतले पाणी ८.२ मिमी खोल होते. पुढचा थर १.८ आणि मागचा १.९, म्हणजे अस्तर ३.७ मिमी. पाण्यासकट ११.९ झाले असते, आणि बाहेरच्या गडद कड्याचे दोनेक मिलिमीटर त्यात मिसळले की पहिल्या रिपोर्टमधले १४ बरोबर जुळतात. जाड म्हणून ज्या अस्तराची भीती घातली गेली होती, ते मोजलेल्या भागात पाळी गेलेल्या कोणत्याही बाईचे असावे तसे पातळ होते.

इथेच तपासणी आटोपती घेतली असती तर दुसरा रिपोर्ट पहिल्यापेक्षा अधिक घातक ठरला असता. मध्यछेदातले माप म्हणजे अख्खे अस्तर नव्हे. प्रोब सावकाश एका शिंगापासून (गर्भाशयाचा वरचा कोपरा, जिथे नळी जुळते) दुसऱ्या शिंगापर्यंत फिरवायचा, मग आडव्या छेदात मुखापासून माथ्यापर्यंत जायचे, आणि अस्तराची रेघ कुठेही तुटत नाही ना, हे पाहायचे, असा नियम आहे. डाव्या शिंगाजवळ ती रेघ तुटली. तिथे पाण्यात डोकावणारा १३ गुणिले ९ मिमीचा एक पांढुरका उंचवटा होता, आत दोन बारीक काळे ठिपके, आणि रक्तप्रवाह रंगात दाखवणारा कलर डॉपलर लावल्यावर बुडातून आत शिरणारी एकच रक्तवाहिनी. पॉलिपचे हे जवळपास पुस्तकी चित्र. एरवी अशी शंका आल्यावर पोकळीत बारीक नळीने सलाइन सोडून पुन्हा सोनोग्राफी करावी लागते, म्हणजे दोन्ही थर अलग होऊन एका जागची वाढ आणि सर्वत्र पसरलेली वाढ यांतला फरक कळतो. इथे निसर्गानेच आत पाणी भरून ठेवले होते. पहिल्या केंद्रात ज्या पाण्यामुळे माप फसले, त्याच पाण्यामुळे पॉलिप इतका उठून दिसला, हा योगायोग मला अजूनही गमतीचा वाटतो.

४ मिलिमीटर कुठून आले आणि कुणासाठी

पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्या स्त्रीमध्ये अस्तर ४ मिमी किंवा त्याहून पातळ असेल तर कर्करोग नसण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून अधिक असते, असे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या आपल्या मार्गदर्शक मतात म्हटले आहे. या विचाराचा पाया नॉर्डिक देशांतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासारख्या कामांनी घातला. त्यात रक्तस्राव झालेल्या १,१६८ स्त्रियांची आतून सोनोग्राफी करून, मग क्युरेटिंगमधून, म्हणजे पिशवी आतून खरवडून, निघालेल्या अस्तराशी तिची तुलना केली होती. त्याआधी अशा प्रत्येक स्त्रीला भूल देऊन क्युरेटिंग करण्याची पद्धत होती; त्यांतल्या मोठ्या संख्येची त्यातून सुटका झाली, हे या आकड्याचे खरे श्रेय.

पण हा आकडा ज्या प्रश्नासाठी शोधला गेला त्या प्रश्नाबाहेर तो वापरला की गोंधळ होतो. ४ मिमीच्या वर जाडी गेली याचा अर्थ आजार आहे असा नाही, फक्त ऊतींचा तुकडा तपासल्याखेरीज पुढे जाऊ नये असा आहे. रक्तस्राव झालेलाच नाही आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ६ किंवा ७ मिमी सापडले, तर त्या स्त्रीला ४चा निकष लावून घाबरवणे योग्य नाही. तिथे साधारण ११ मिमीचा टप्पा आणि तिचे इतर धोके पाहून ठरवतात. फायब्रॉइडच्या (गर्भाशयाच्या स्नायूतल्या साध्या गाठीच्या) सावलीमुळे किंवा गर्भाशयाच्या कलामुळे अस्तर पूर्ण दिसलेच नाही, तर कसातरी एक आकडा लिहून मोकळे होण्याऐवजी 'नीट दिसले नाही' असे लिहायला हवे, आणि ते न दिसणे हेच दुर्बिणीतून पाहण्याचे कारण समजायला हवे. शिवाय काही आक्रमक जातीचे कर्करोग, विशेषतः सिरस प्रकारचे, पातळ सुकलेल्या अस्तरातही उगवतात, त्यामुळे अस्तर ३ मिमी असले तरी रक्तस्राव पुन:पुन्हा होत असेल तर तुकडा घ्यावाच लागतो. काकूंना तीनदा रक्तस्राव झाला होता. त्यांच्यात पॉलिप दिसला नसता तरी केवळ ३.७ वर विसंबून मी त्यांना निर्धास्त केले नसते.

माझ्या रिपोर्टमध्ये म्हणून आकड्याआधी पाच-सहा ओळी होत्या: पाळी केव्हा गेली, रक्तस्राव किती वेळा, तपासणी आतून केली, अस्तर संपूर्ण दिसले, पोकळीत पाणी, दोन थरांची बेरीज, आणि डाव्या शिंगाजवळची एका जागची वाढ. शेवटी दुर्बिणीतून पाहून त्याच जागेचा तुकडा घ्यावा, अशी सूचना. सोनोग्राफी केंद्राच्या दाराशी गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी कायद्याने लावावी लागते. अस्तराची जाडी कशी मोजायची याची पाटी लावा, असे कोणताही कायदा सांगत नाही, आणि तसा आग्रह धरणारे डॉक्टरही थोडेच भेटतात.

तुकड्याची तपासणी

स्त्रीरोगतज्ज्ञांनी आधी बाह्यरुग्ण विभागातच पिपेल या बारीक प्लॅस्टिक नळीने अस्तराचा नमुना घेण्याचा प्रयत्न केला. आकसलेल्या मुखातून नळी कशीबशी आत गेली, थोडा पाण्यासारखा द्रव आणि अगदी नाममात्र ऊती हाती लागल्या. पॅथॉलॉजीचा अहवाल आला: निदानासाठी नमुना अपुरा. अस्तर सगळीकडे सारखे पातळ असते आणि रक्तस्राव थांबलेला असता, तर अपुरा नमुना समजण्यासारखा होता, कारण मुळात खरवडायला फारसे काही नसते. पण एका जागी वाढ दिसत असताना आलेल्या अपुऱ्या नमुन्याचा अर्थ शून्य. न पाहता घातलेली नळी किंवा क्युरेट पोकळीचा काही भागच खरवडते, आणि शिंगातला मऊ पॉलिप तिच्या वाटेतून बाजूला सरतो. काकूंच्या मुलाने मात्र तो कागद 'काही निघाले नाही' असाच वाचला होता, आणि तो तसा वाचला जाणार हे गृहीत धरूनच अशा अहवालासोबत चार शब्द बोलून सांगावे लागतात.

साखर आटोक्यात आल्यावर भूल देऊन हिस्टेरोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाची दुर्बिणीतून तपासणी, झाली. आदल्या रात्री मुख मऊ करणारी गोळी दिली होती. पोकळी सलाइनने फुगवल्यावर सगळीकडे फिकट, पातळ अस्तर आणि डाव्या नळीच्या तोंडाशी रुंद बुडाचा गुलाबी पॉलिप, असे दृश्य होते. तो बुडासकट कापून काढला आणि नंतर उरलेले अस्तर खरवडले. फॉर्मेलिनच्या दोन बाटल्या वेगळ्या केल्या, एकीवर पॉलिप आणि दुसरीवर उर्वरित अस्तर असे लिहिले. ही गोष्ट बारीक वाटते, पण सगळे एकाच बाटलीत टाकले की आजार पॉलिपपुरता होता की बाहेरही, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.

पॉलिपमध्ये अस्तराच्या अतिवाढीचा, पेशींच्या ठेवणीत बिघाड असलेला भाग सापडला. वैद्यकीय भाषेत ॲटिपियासह हायपरप्लेसिया. दुसऱ्या बाटलीत बहुतेक सुकलेले अस्तर होते, पण दोन तुकड्यांत तोच बिघाड. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या वर्गीकरणात अतिवाढीचे दोनच गट उरले आहेत, ॲटिपियाशिवाय आणि ॲटिपियासह, आणि या दोहोंतला फरक जाडीच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. ॲटिपिया नसेल तर पुढच्या २० वर्षांत कर्करोग होण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असते आणि प्रोजेस्टेरॉनच्या औषधांनी किंवा तेच औषध सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू गर्भाशयात बसवून बहुतेक अस्तर पूर्ववत होते. ॲटिपिया असेल तर त्याच गर्भाशयात दुसऱ्या कोपऱ्यात कर्करोग आधीच असण्याची शक्यता लक्षणीय असते. एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात अशा सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या काढलेल्या गर्भाशयात तो सापडला होता.

पडद्यावर या पॉलिपचे रूप अगदी सालस होते: बारीक काळे ठिपके, एकच रक्तवाहिनी, स्वच्छ कडा. पाळी गेल्यानंतरच्या पॉलिपपैकी सुमारे ५ टक्क्यांतच ॲटिपिया किंवा कर्करोग निघतो, आणि या बाईंचा पॉलिप ॲटिपियामुळे त्यांतला होता. सोनोग्राफी जागा दाखवते आणि आकार सांगते. पेशींचा स्वभाव सांगणे तिच्या आवाक्यात नाही.

निदानाबद्दल दुसरे मत घ्यायचे ठरले. बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक घेऊन परळलाच टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी पुन्हा वाचून घेण्याची पद्धत मुंबईत रुळलेली आहे, आणि ॲटिपियाच्या बाबतीत ती उपयोगाची आहे, कारण या निदानावर दोन पॅथॉलॉजिस्टांचे एकमत होईलच असे नसते. इथे झाले. एमआरआयमध्ये स्नायूत शिरकाव दिसला नाही.

मग आधीचे काय वाईट होते?

हा प्रश्न मुलाने विचारला, आणि तो चोख होता. पहिले डॉक्टरही पिशवी काढा म्हणत होते, दुसरेही तेच म्हणतात. मधल्या दीड महिन्यात दोन तपासण्या, एक भूल आणि खर्च झाला तो कशासाठी?

स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्याला बसवून उत्तर दिले. पहिल्या ठिकाणी जी शस्त्रक्रिया ठरली होती ती कोणता आजार आहे हे न कळता ठरली होती. पॉलिप साधा निघाला असता, आणि बहुतेक तसाच निघतो, तर पंधरा-वीस मिनिटांच्या दुर्बीण शस्त्रक्रियेवर काम भागले असते आणि मधुमेही, स्थूल बाईचे मोठे ऑपरेशन टळले असते. उलट, आक्रमक कर्करोग निघाला असता तर तिची शस्त्रक्रिया कर्करोगाचे शल्यचिकित्सक, लसीकाग्रंथींची तपासणी आणि पुढचे उपचार या हिशेबाने आखावी लागली असती; साध्या ऑपरेशनने पिशवी काढून झाल्यावर ते निदान हाती आले तर दुसऱ्यांदा पोट उघडायची वेळ येते. आणि जो आजार प्रत्यक्षात निघाला त्यात या वयाच्या स्त्रीच्या दोन्ही अंडाशय व नळ्या काढतात, गर्भाशयाचे आत तुकडे न करता ते अखंड बाहेर घेतात आणि पॅथॉलॉजिस्टला आधी कळवून त्याचे बारीक छेद पाहतात. आधीच्या पूर्वमंजुरीच्या अर्जावर फक्त गर्भाशय काढण्याचा उल्लेख होता. कागदावर एकाच नावाने ओळखली जाणारी ही दोन ऑपरेशने होती, असे मुलाला पटले. खर्चाबद्दलची त्याची नाराजी मात्र राहिली, आणि तीही रास्तच होती, कारण पहिलीच सोनोग्राफी आतून झाली असती तर त्यातला बराच खर्च आणि वेळ वाचला असता.

महाराष्ट्रात बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये मोठा गदारोळ झाला, तेव्हा शहरात अनेकांना ती खेड्यापाड्यातली गोष्ट वाटली होती. पिशवीचा आता उपयोग काय, हे वाक्य मुंबईतल्या वातानुकूलित दवाखान्यांतही ऐकू येते, फक्त तिथे त्याच्या सोबतीला छापील रिपोर्ट असतो.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली आणि काकू तिसऱ्या दिवशी घरी गेल्या. काढलेल्या गर्भाशयात डाव्या शिंगाजवळ ४ मिमीच्या पट्ट्यात ॲटिपियाची अतिवाढ शिल्लक होती, कर्करोग कुठेही नव्हता. पुढे कोणत्याही औषधाची गरज पडली नाही. वजन आणि साखर यांचा पाठपुरावा तेवढा फिजिशियनकडे सोपवला.

टाके पाहण्याच्या भेटीनंतर सूनबाई आमच्याकडे पुन्हा आल्या, या वेळी स्वतःचा रिपोर्ट घेऊन. वय ३८, पाळीत रक्तस्राव जास्त, आणि पोटावरच्या सोनोग्राफीत 'एंडोमेट्रियम १३ मिमी, जाड'. सासूबाईंचे पाहून त्यांची झोप उडाली होती. तारीख विचारली तर तपासणी पाळीच्या २२व्या दिवशी झालेली. पाळी चालू असलेल्या स्त्रीचे अस्तर दर महिन्याला पाळीच्या दिवसांत एक ते चार मिलिमीटरपर्यंत उतरते आणि उत्तरार्धात १६ मिमीपर्यंतही चढते. त्या दिवशी १३ हा आकडा अगदी नेहमीचा. ४चा निकष त्यांना लागूच होत नव्हता. पाळी संपल्याबरोबर, सहाव्या दिवशी या, असे सांगितले. त्या दिवशी आतून पाहिल्यावर अस्तर ५ मिमी, रेघ अखंड, पण पोकळीत अर्ध्याहून अधिक डोकावणारा दोन सेंटिमीटरचा फायब्रॉइड दिसला, जो २२व्या दिवसाच्या जाड अस्तराआड झाकला गेला होता. जास्त रक्तस्रावाचे कारण तेच असावे, असे रिपोर्टमध्ये लिहून त्यांना त्याच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले, आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, असेही सुचवले; ते ८.९ निघाले.